जपानी पाहुण्यांपुढे झालेली शोभा

माझे नाव विनायक केशवराव चारठाणकर, वय वर्षे चौऱ्याऐंशी. शिक्षण उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत. पुढचे सारे स्वतः वाचून मिळवलेले, जपानी भाषासुद्धा. एका विद्यापीठाने परभणीत जपानी केंद्र काढले होते, त्याचे वाचनालय मी सांभाळत असे. मानाचे प्रसंग आठवावे लागतात. फजितीचे आपोआप साठतात, आणि चार मित्र जमले की लोक नेमके तेच सांगायला लावतात!

*

केंद्राचा उद्देश भाषा, संस्कृती आणि व्यापार. व्यापार म्हणजे आमचा कापूस जपानने घ्यावा, ही आशा.

पहिल्या पाहुण्यांनी आपले व्हिजिटिंग कार्ड वाकून, दोन्ही हातांनी आमच्या संचालकांना दिले. कार्ड म्हणजे प्रत्यक्ष तो माणूस, असे समजून ते आदराने समोर ठेवावे, हे संचालकांनीच आम्हाला शिकवलेले. त्यांनी ते आदराने समोर ठेवले. मग बोलण्याच्या ओघात खिशातून अडकित्ता काढला, त्या कार्डावर सुपारी कातरली आणि कार्ड पाहुण्यांपुढे धरले.

"घ्या, चिकणी सुपारी आहे!"

पाहुण्यांनी स्वतःच्या नावावरची सुपारी उचलली आणि वाकून आभार मानले.

*

समोरच्याचा मान जितका मोठा, तितके खाली वाकावे, असे मी बोरीच्या बापूरावांना समजावले होते. ते मोठे कापूस बागायतदार. त्यांनी पाहुण्यांपुढे सरळ लोटांगण घातले! पाहुणे गोंधळले आणि तेही गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बसले. आधी कोणी उठेना. खालून बापूरावांचा आवाज आला, "साहेब, ह्ये उठायलेच न्हाईत, तं मी कसं उठू?"

*

पुढच्या वर्षी स्वागताचे भाषण मी जपानीतून केले. पाहुणे भारावले. म्हणाले, "तुमची भाषा ऐकून आजोबांची आठवण झाली." हे मी अख्ख्या स्टेशन रोडला अभिमानाने ऐकवले.

भीमनगरची सविता ही आमची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. तिने मला बाजूला घेतले. "काका, आता कोणाला सांगू नका. तशी भाषा त्यांच्याकडं आजोबांबरोबरच गेली म्हणत होते ते."

*

शेवटचा किस्सा नामांतराच्या चळवळीने गावोगाव वातावरण तापले होते, त्या दिवसांतला. पाहुणे एका विद्यार्थ्याला वर्षभरासाठी जपानला नेणार होते. त्या दिवशी दुभाषी म्हणून सविता होती आणि तिचे काम पाहून निर्णय व्हायचा होता. त्याच आशेवर तिच्या वडिलांनी आलेले स्थळ थोपवून धरले होते.

शेतपाहणी झाली. जेवण गावातल्या साहेबराव नावाच्या बड्या शेतकऱ्याकडे. सोप्यात पंगत मांडलेली. सविताची पत्रावळ तेवढी बाहेर ओट्यावर. संचालक घड्याळ पाहू लागले. मी ताटातल्या मिठाकडे पाहू लागलो.

मुख्य पाहुण्यांनी दारातून तिला काहीतरी विचारले. सविताने मराठीत सांगितले, "पाहुणे विचारतात, मी बाहेर का बसले?"

साहेबराव हसले. "सांग त्यायला, भायेर वारा लय झकास लागायलाय."

आमच्यापैकी जपानी कळणारा आत मी एकटाच. सविताने ते वाक्य जसेच्या तसे जपानीत सांगितले. ना एक शब्द कमी, ना जास्त.

पाहुण्यांनी मान डोलावली, आपले ताट उचलले आणि एक वाक्य बोलले. तेही तिने तितक्याच स्वच्छपणे मराठीत आणले, "पाहुणे म्हणतात, मग आम्हीसुद्धा वाऱ्याला बसतो."

सगळे जपानी पाहुणे एकामागोमाग ओट्यावर जाऊन बसले. सोप्यात आम्ही आपलेच लोक उरलो. वरणाचे भांडे हातात धरलेले साहेबराव माझ्या कानाशी वाकले.

"पंडितजी, आता वाढायला भायेर जावं लागंल का वो?"

तेवढ्यात ओट्यावरून सविताचा आवाज आला, "मालक, पाहुण्यांना वरण पाहिजे!"

साहेबराव भांडे घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले. बाहेरच्या पंगतीत पहिली सविता बसली होती.

*

सविता त्या वर्षी जपानला गेली. कापसाचा व्यवहार कधीच झाला नाही. केंद्राने त्यानंतर पाहुण्यांचे जेवण कोणाच्याही घरी ठेवले नाही. परभणीहून डबे नेण्यात येऊ लागले.