आठव्या दिवसाचे देवीमास्तर

मुलाला देवी टोचण्याआधी आईला विचारणारे पुष्कळ असतात. आमचे देवीमास्तर आईच्या आधी मुलाला विचारत. मूल चार महिन्यांचं असलं तरी ते दारात उकिडवे बसत आणि म्हणत, "काय रावसाहेब, हात देता का?" मूल त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे टक लावून बघे, आई पदराआड हसे. "हसलेली बाई मूल लवकर मांडीवर देते," असं ते मला नंतर सांगत. पण मूल पाठ फिरवून रडलं, तर ते खरोखरच थांबत, आणि शेजारचं घर करून पुन्हा त्याच दारात येऊन बसत.

मी ठाण्यात आलो तेव्हा मला तिथं कोणी ओळखत नव्हतं. संगमेश्वराकडच्या लहान गावातल्या शाळेत शिकलेला, कचेरीतल्या शिपायाचा मुलगा. मुंबईला वैद्यकी शिकत होतो, पण मुंबईत राहणं परवडेना म्हणून ठाण्यात खोली घेतली आणि आगगाडीनं कॉलेजात जाऊ लागलो. खोलीच्या मागच्या भागात मास्तर एकटे राहत. उमेदीत काही वर्षं शाळा, मग सरकारी देवी खातं आणि आता पेन्शन. पेन्शनीत गेले तरी दर रविवारी ते आसपासच्या गावांत टोचायला जातच. मी मोठमोठ्यानं हाडांची नावं पाठ करतो हे भिंतीपलीकडून महिनाभर ऐकल्यावर एके सकाळी ते दारात आले. म्हणाले, "पुस्तकातला हात पुष्कळ झाला रे. आता रडणारा हात धरायला चल."

त्यानंतरचे माझे सगळे रविवार त्यांचे झाले. वासराच्या अंगावर तयार केलेली लस तेव्हा आमच्याकडे पोचली नव्हती. एका मुलाच्या दंडाला टोचायचं, आठव्या दिवशी तिथं आलेल्या फोडांतली लस काढायची आणि ती दुसऱ्या मुलांना द्यायची, अशी मुलामुलांची साखळी चाले. आठवा दिवस चुकला की साखळी तुटे आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागे. मास्तरांना तिथी आणि वार क्वचितच लक्षात राहत; विचारलं तर म्हणत, "आज ढोकाळीच्या पोराचा पाचवा."

त्यांचा एक नियम मला त्यांनी तीनदा तरी सांगितला होता. मुलाच्या दंडावर पाच फोड आले असतील तर चारच उघडायचे. पाचवा देवीचा. "मुलाच्या अंगात लस नीट मुरायला एक फोड अभंग हवा, असं तुझे साहेबही सांगतील. बाळकुम गावात तो देवीचा वाटा. तू दोन्ही खरं धरून चाल."

माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाळकुमातल्या धाकल्याचा आठवा दिवस आला. धाकल्या हा नागूबायचा मुलगा. नागूबाय मिठागरावर कामाला जाई आणि सगळी आळी तिचं ऐके. खाडीपलीकडे देवीची साथ सुरू झाल्याची बातमी होती. मास्तर तापानं पडले होते. "तू वाच, मी उठतो," ते म्हणाले. मी ऐकलं नाही. एकटाच गेलो.

नागूबायच्या ओट्यावर चार मुलं टोचून घ्यायला आली होती. माझं लक्ष अर्धं परीक्षेत. लस कमी पडू नये आणि लवकर परतता यावं म्हणून मी धाकल्याच्या दंडावरचे पाचही फोड उघडले आणि लस काचेच्या पट्ट्यांवर घेतली. मान वर केली तर नागूबाय दंडाकडे बघत होती.

"सगले फोडलंस? देवीला काय ठेवलंस रं?"

मी काहीतरी शास्त्र सांगायला लागलो. तिनं धाकल्याला उचललं आणि आत गेली. चारही आयांनी आपापली मुलं उचलली. दोन दारं तर माझ्यादेखत लागली. पट्ट्यांवरची लस फार तर संध्याकाळपर्यंत टिकणार होती.

मी धावतच ठाण्याला आलो. मास्तरांनी सगळं ऐकलं, घोंगडी अंगावर घेतली आणि तशा तापात माझ्याबरोबर बाळकुमाची वाट धरली. नागूबायच्या ओट्यावर बसून, हात जोडून ते म्हणाले, "बाय, चूक माझी आहे. देवीचा फोड राखायचा हे मी ह्याला सांगितलंच नव्हतं."

नागूबायनं त्यांना खालपासून वर पाहिलं. "तुमी सांगलं नाय? मास्तर, तुमी तं तान्हे पोराला पन सगलं सांगता! ह्यो तं मिशीवाला हाय."

आळीतल्या बाया हसल्या. मला मान वर करवेना. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं होतं. मलाच घाई होती. उद्या माझी परीक्षा आहे."

"मंग आज कशाला आलास?"

"आज आठवा दिवस."

तिनं धाकल्याला परत बाहेर आणलं. मग म्हणाली, "माझे पोराचा हात सुकेपर्यंत रोज येवाचा. रोज! परीक्षा असंल नायतर लगीन असंल." मी कबूल झालो. तिनं हाका मारल्यावर दोन आया मुलं घेऊन परत आल्या, त्यांना मी टोचलं. लागलेली दोन दारं मात्र उघडली नाहीत. मास्तर दोन्ही दारांशी जाऊन बसले, विनवलं, ताप चढेपर्यंत बसले.

त्या आठवड्यात मी दिवसा मुंबईत परीक्षा दिली आणि संध्याकाळी बाळकुमाला जाऊन धाकल्याचा दंड पाहिला. ताप उतरल्यावर मास्तरही बरोबर येऊ लागले. वाटेत ते प्रश्न विचारत आणि मी उत्तरं देई. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नसे; मी अडखळलो की ते ओळखत. "हे परत सांग. इथं तुझा पाय अडला." तरीही एका विषयात मी नापास झालो आणि सहा महिने थांबावं लागलं. घरी पत्र कसं लिहू, म्हणून मी बसून होतो, तर मास्तरांनी स्वतःच दौत आणून पुढं ठेवली. म्हणाले, "खरं तेच लिही. बापाला खोट्यापेक्षा ते लवकर पचतं."

पुढच्या महिन्यात साथ खाडी ओलांडून बाळकुमात आली. धाकल्याला आणि त्या दिवशी टोचलेल्या दोन्ही मुलांना काही झालं नाही. बंद दारांपैकी एका घरातली दीड वर्षांची मुलगी मात्र गेली.

आम्ही त्या घरी जाऊन आलो. परतताना मी विचारलं, "मास्तर, ती माझ्यामुळे गेली का?"

सगळ्या आळीसमोर माझ्यासाठी बेधडक खोटं बोललेला हा माणूस. मला वाटलं, तो आताही तसंच काही बोलेल.

"थोडी तुझ्यामुळे," मास्तर म्हणाले. "थोडी माझ्यामुळे, मी तुला एकट्याला जाऊ दिलं. आणि बरीचशी रोगामुळे. पण थोडी तुझ्यामुळे."

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसरा दिवस रविवार होता. मास्तर दाराबाहेर टोचणीची पेटी घेऊन नुसते उभे राहिले, हाक मारली नाही. मी चपला घातल्या.

पुढं मला पदवी मिळाली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावी माझा सत्कार झाला, आणि कल्याणच्या दवाखान्यात नेमणूकही झाली. त्यानंतर वर्षाच्या आतच मास्तर गेले. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्यामुळे मी कल्याणला निघालो त्या सकाळची भेट हीच आमची शेवटची.

मी पाया पडलो. आशीर्वाद देतील म्हणून वाकलेलाच राहिलो, तर वरून आवाज आला, "त्या मुलीचं नाव काय होतं रे?"

"सोनी," मी म्हणालो.

"हं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता जा. दवाखान्यात लोक ताटकळले असतील."