उघडे ठेवलेले दोन रिमोट

गेल्या रविवारी दुपारी चार वाजता पंचवटीतल्या आमच्या व्हिडिओ गेम पार्लरच्या स्पर्धेच्या यादीतून आमच्याबरोबर खेळणाऱ्या वैशालीचं नाव खोडलं गेलं. कारण काय, तर ती वरून पडणारे ठोकळे रचते, आणि ठोकळे म्हणजे कोडं, गेम नव्हे! मारामारीचे गेम घेऊन नवा कन्सोल, म्हणजे गेमचं नवं मशिन, येणार ही बातमी वाचून चेकाळलेल्या आम्ही पोरांनी मारामारीलाच खरा गेम ठरवलं होतं. मीही गप्प बसलो, हे लिहून ठेवतो.

बोलले ते कोपऱ्यात मशिनं दुरुस्त करणारे काका. एरवी आमच्या वादात ते मान वर करत नाहीत, स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून नुसतं ‘हं’ म्हणतात. त्या दिवशी त्यांनी गेम खेळायचे दोन रिमोट उघडून टेबलावर ठेवले.

“हा तुमचा. सगळी बटणं सारखीच झिजलीत, म्हणजे हाताला येईल ते बडवता. हा खिडकीजवळच्या मशिनचा, वैशालीचा. दोनच बटणं झिजलीत. ती विचार करून दाबते. आता सांगा रे, खेळतं कोण?”

“पण काका, नवा कन्सोल आला की...” आमच्यातला एक म्हणाला.

“तोही माझ्याकडंच येणार, राजा. उघडायला.”

वैशालीचं नाव परत लागेपर्यंत ते रिमोट काका बंद करणार नाहीत. तेव्हा पोरांनो, येत्या रविवारी स्पर्धेसाठी पार्लरमध्ये याल, तेव्हा आधी यादीत तिचं नाव लिहा, मगच खेळायला बसा.