उघडलेला डोळा पुसायचा नाही

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखताना कोणी बोलत नाही. रेडिओ बंद, पंखा बंद, शिंक आली तर बाहेर जायचं. ही माझ्या वडिलांची शिस्त, आणि मी ती त्यांच्याहून कडक पाळली. दुसरी शिस्त अशी, की एकदा उघडलेला डोळा पुसायचा नाही. चुकला तर मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि हंगाम संपला की भिजवून तिची पुन्हा माती करायची. आजूबाजूचे कारखानेवाले सरळ पुसतात आणि मोकळे होतात. आम्ही पुसत नाही, याची आम्हाला मोठी घमेंड.

दोन वर्षांपूर्वी आमचा आखणीवाला ऐन हंगामात दुसरीकडे गेला. माझा स्वतःचा हात त्या कामाला कधीच बसला नाही. मुलगी तेव्हा सहावीत होती. तिने गंमत म्हणून एका वीतभर गणपतीचे डोळे आखले आणि सगळे बघतच राहिले. "पोरीच्या हातात देव हाय," आमचा जुना कारागीर म्हणाला. कौतुकाच्या बाबतीत मी पक्का कंजूष, पण त्या दिवशी माझ्याही तोंडून "वा!" निघून गेलं. तेव्हापासून शाळा सुटली की ती पाटावर बसायची. गिऱ्हाइकं थांबून बघायची. मी तिला मुद्दाम दाराशी बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. माझी हौस, दुसरं काय!

तीन मूर्ती तिच्या हातून चुकल्या. मी एका शब्दाने बोललो नाही. उचलल्या, भिंतीकडे वळवून ठेवल्या, आणि आपण किती समंजस बाप आहोत असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

मग एके सकाळी वेणी घालता घालता बायको किंचाळली. मुलीच्या डाव्या पापणीला केसच उरले नव्हते. नुसती गुलाबी कड दिसत होती. मला वाटलं, रंगाने केलं हे. मी फवारणीचं मशीन बंद ठेवलं, तिचे रंग बदलले, तिला खिडकीजवळ हलवलं. आठवड्याभरात उजव्या पापणीचे केसही विरळ झाले. आज केस गेले, उद्या दृष्टी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. शेजारीण बायकोला म्हणाली, "गो, नजर लागली हाय पोरीला, मीठमिरच्या उतरव." एरवी अशा गोष्टींची मी टर उडवतो. त्या दिवशी ताटली मीच धरून उभा होतो.

रोह्याला मेव्हणा राहतो. त्याने तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. आम्ही तिघं गाडीने निघालो आणि वडखळला ट्रेलरांच्या रांगेत अडकलो. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "बाबा, मी आंधळी होणार काय?"

"नाय गो, कायतरीच," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून दोन्ही पापण्या बघितल्या आणि आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितलं. बाकड्यावर बायको माझा हात धरून बसली होती. आत काय सापडलं असेल, याचाच मी विचार करत होतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी आत बोलावलं. "डोळे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "केस गळलेले नाहीत. ती स्वतः उपटते."

"का?" मी ओरडलो. मुलीचे खांदे दचकून वर गेले.

"आधी खाली बसा," बाई म्हणाल्या. "तिला ओरडू नका, हात धरून ठेवू नका, 'उपटू नको' म्हणून सारखा धोशा लावू नका. कधी करते ते बघा आणि त्या वेळचं तिचं ओझं काढून घ्या."

"मी तिला कधी ओरडत नाही," मी म्हणालो.

"तीही तेच सांगते. बाबा ओरडत नाहीत, मूर्ती भिंतीकडे फिरवतात, म्हणते."

बाकीचंही त्यांनीच सांगितलं. पापणीचा गळलेला केस मुठीवर ठेवायचा, मनात काहीतरी मागायचं आणि फुंकर मारायची, हा सगळ्या पोरांचा खेळ. हिचे केस आपोआप गळेनात, म्हणून ही उपटत होती. प्रत्येक मूर्तीला हात लावण्याआधी एक. मागणं दर वेळी तेच असायचं, हा डोळा चुकू नये. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. आजार असता तर औषध आणलं असतं. इथे तर पोर मला घाबरत होती.

पेणला पोचलो तेव्हा कारखान्यात कामं चालली होती. मुलगी दारातच थांबली. मी भिंतीकडची एक मूर्ती उचलली, वळवून पाटावर ठेवली आणि ओला फडका घेतला. कारागिरांचे हात थांबले. वडिलांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी ते मागे उभे आहेत अशी भीती वाटली. त्याहून मोठी भीती मुलीची होती. आता हिचा माझ्यावर विश्वास बसेल का?

मी डोळा पुसला. काळं फिसकटलं, मग खालचा पांढरा रंग दिसला. बाकी काही झालं नाही.

"बघ," मी म्हणालो, "चुकला तर पुसता येतो. आणि तुला आखायचंच नसेल तर नको आखूस."

ती पुढे आली आणि तिने पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळली.

"मग आधी का नाय पुसलात?"