दुश्मनांना ताप

तुमची आई वर्षभर परदेशी शिकायला निघाली, तेव्हा तिचा आरोग्यविमा काढून देणारे परभणीचे एजंट दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसत. डोळे अर्धवट मिटून संथ बोलत. जुन्या हैदराबादी रिवाजाप्रमाणे आजार आपल्या माणसाच्या नावावर कधी घेत नसत, दुश्मनांच्या नावावर ढकलत.

"बाई, तिथं दुश्मनांना ताप आला, दुश्मनांना दवाखान्यात ठेवलं, तर सगळा खर्च कंपनी देती."

त्या आवाजात परदेशसुद्धा लिंबाच्या सावलीत असल्यासारखा वाटे.

हिवाळ्यात तार आली, तापामुळे तिला दवाखान्यात ठेवलं होतं. कळताच एजंट अनवाणीच आले. विम्याचं काहीच बोलले नाहीत.

"बाई, पोरगी कशी हाय?"

दुश्मनांना ते पार विसरले होते. मग मीच हळू म्हणाले, "दुश्मनांना ताप आहे, भाऊ."