वाऱ्यात उडवू नये

कुठल्याही दोन वस्तूंच्या मधे अण्णा आधी दोन बोटं आडवी घालून बघत. डबा आणि टेबलाची कड, दारातल्या दोन स्कूटर, बसमधे माझी पर्स आणि शेजारच्या माणसाचा खिसा. बोटं सहज मावली की म्हणत, "सरी," म्हणजे ठीक. नाही मावली तर मुकाट्याने वस्तू सरकवत. चहा ओतणाऱ्याला, स्क्रू पिळणाऱ्याला आणि फार वेळ बोलणाऱ्यालाही त्यांचा एकच शब्द असे, "साकु." म्हणजे पुरे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसलं की आपणच फार बडबड करतो असं वाटायला लागतं.

मी पुण्याहून बंगळूरला आले ती नव्वदच्या दशकात. महादेवपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी मॉडेलं बनवायचो. म्हणजे बाकीचे बनवायचे आणि मी त्यांची माहितीपत्रकं लिहायची. अण्णा आणि मी, दोघंही जे. पी. नगरचे. जाताना दोन बस, येताना दोन बस. संध्याकाळी इतके दमलेलो असायचो की जागा मिळाली तरी आनंद व्हायचा नाही. अण्णा तर दांडा धरून उभ्या उभ्या झोपत आणि आपल्या स्टॉपला बरोबर डोळे उघडत. त्यांच्या घरचं मराठी कित्येक पिढ्या कानडी मुलखात मुरलेलं. माझं मराठी ऐकून ते हसायचे. "तुझं मराठी इस्त्री केलेलं आहे की पोरी," म्हणायचे, "बसायला भीती वाटते."

ते विमानांच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. "तीस वर्षं मी एकच कब्जा केला," त्यांनी एकदा बसमधे सांगितलं. "एका झाकणाचा, म्हणजे बिजागरी. कुठल्या विमानाला लागला, ते उडालं का, कुणी सांगितलं नाही." आमच्या मालकांनी त्यांना रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर करायला सांगितलं आणि सहा महिने दिले. पहिल्या कॉलेजाला ते पसंत पडलं तर तो विभाग राहणार, विभागात अण्णा राहणार. नाहीतर दोन्ही बंद. अण्णांना नोकरीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा ते एक अख्खं यंत्र करत होते.

हेलिकॉप्टरला शेपटीचा पंखा नव्हता. एकाच दांड्यावर दोन पंखे, एकावर एक, उलटसुलट फिरणारे. असं का, हे मला समजावण्यासाठी त्यांनी मला फिरत्या खुर्चीवर बसवलं, हातात कॅटलॉगांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "झटक्यात उजवीकडं फिरव." मी फिरवला आणि खुर्चीसकट डावीकडे वळले. सगळं ऑफिस हसलं. "एकच पंखा असला की पोट असं उलटं फिरतं. म्हणून शेपटी लागते. दोन पंखे एकमेकांना धरून ठेवतात, मग शेपटीचं कामच नाही." शेपटीवर खर्च होणारी ताकद वाचते, यंत्र आटोपशीर होतं, वर्गात जागच्या जागी उभं करून मुलांना दाखवता येतं.

"मग सगळे असंच का नाही करत?" मी विचारलं.

अण्णांनी दोन पंख्यांच्या मधे बोटं घातली. "ह्याच्यामुळं." पुढे पळायला लागलं की वाऱ्यावर जाणारं पातं उचलतं आणि मागे येणारं बसतं. पंखे उलटसुलट फिरत असल्यामुळे एकाच बाजूला खालचं पातं वर येतं आणि वरचं खाली येतं. दोन बोटांचं अंतर एका बोटाचं होतं, मग कशाचंच राहत नाही. अंतर वाढवावं तर दांडा लांब होतो आणि डोलायला लागतो. पाती ताठ करावीत तर मुळाशी ताण येतो, तिथे जड तुकडा लावावा लागतो, आणि मग आमच्या एवढ्याशा इंजिनाला ते उचलवत नाही. आखूड पांघरुणासारखं आहे, ते म्हणायचे, डोकं झाकलं की पाय उघडे. "ह्यानं एवढंच होतं. जास्ती मागू नये."

हे मात्र ते तक्रार म्हणून सांगत नसत. धाकट्या मुलीला कुठली भाजी आवडत नाही हे बाप जसा सांगेल, तसं सांगत. सहा महिन्यांत त्यांनी किती पाती तासली आणि किती मोडली, त्याची गणती नाही. कारखाना सुटला तरी इंजिनाच्या तेलातल्या एरंडेलाचा जळका वास त्यांच्या शर्टाला असायचा. बसमधे लोक सरकून बसायचे आणि आम्हाला जागा मिळायची.

यंत्र तयार झालं तेव्हा त्यांनी मला एक कागद दिला. स्वच्छ अक्षरात नऊ ओळी, हे यंत्र काय करणार नाही त्याच्या. वाऱ्यात उडवू नये. वेगाने पुढे नेऊ नये. भरकन खाली आणू नये, तेव्हा ते वळवल्याप्रमाणे वळत नाही. वर वजन लादू नये. अशा नऊ. "पहिल्या पानावर घाल," ते म्हणाले.

मालकांनी कागद पाहिला आणि विचारलं, आपण विकायला निघालोय की घाबरवायला? पण कागद काढून टाक असं ते म्हणाले नाहीत, खोटं कशाला बोलू. थोडक्यात कर, एवढंच म्हणाले. आणि थोडक्यात करणं हा तर माझ्या अभिमानाचा विषय. मी नऊ ओळींची एक ओळ केली, 'उडवताना योग्य ती काळजी घ्यावी', आणि तीही शेवटच्या पानावर घातली. छापील पत्रक पाहून अण्णांनी विचारलं, "माझा कागद?"

"अण्णा, सार तेच आहे."

त्यांनी पहिल्या पानावरच्या कोऱ्या जागेवर दोन बोटं आडवी ठेवली. "इथं जागा होती की," म्हणाले, आणि कामाला लागले.

कॉलेज देवनहळ्ळीच्या पुढे होतं. मालकही बरोबर आले होते. आषाढातला वारा सुटला होता. अण्णा म्हणाले, हॉलमधे दाखवू. प्राध्यापक म्हणाले, हॉल लहान आहे, मुलं मावणार नाहीत. मग मैदानात गेलो. वारा पडेपर्यंत अण्णा पाऊण तास रेडिओचं खोकं हातात धरून उभे राहिले, मुलं कंटाळली. अखेर वारा पडला आणि त्यांनी ते उचललं. पुरुषभर उंचीवर ते असं निश्चल उभं राहिलं की मुलांचा गलबला आपोआप थांबला. मग सावकाश स्वतःभोवती एक फेरी घेतली. टाळ्या पडल्या. अण्णांचा चेहरा मी बघत होते. तसा तो मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

"साकु," म्हणून ते खाली आणायला लागले.

प्राध्यापक म्हणाले, आता त्या टोकापर्यंत पळवून दाखवा. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. प्राध्यापकांनी पत्रक उघडलं. पळवू नये असं कुठे लिहिलंय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी सांगू शकले असते. पण तसं सांगायचं म्हणजे मालकांच्या समोर स्वतःची चूक कबूल करायची. मी म्हटलं, "अण्णा, थोडंसंच. एकदाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भरलेली बस स्टॉपवर न थांबता पुढे गेली की आम्ही दोघं जसे तिच्याकडे बघायचो, तसं. आणि खोक्यावरची कांडी पुढे ढकलली. यंत्र छान निघालं. अर्ध्या मैदानात वाऱ्याचा झोत आला, एकदाच 'खट्' असा आवाज झाला आणि पात्यांच्या ढलप्या उडाल्या. कुणाला लागलं नाही. अण्णा चालत गेले आणि सगळे तुकडे शर्टाच्या ओच्यात वेचून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी लेखी अहवाल मागितला. मी टाइपरायटरपुढे बसून रडायला लागले. अण्णा स्टूल ओढून शेजारी बसले.

"चालकाची चूक, असं लिही."

"चूक माझी आहे, अण्णा."

"तू कालची पोर. तुला ह्या गावात राहायचंय. माझं झालं आता, साकु. एकदा अख्खं यंत्र केलं, ते उभं राहिलं, सगळ्यांनी बघितलं."

मी लिहिलं. खरं तर त्यांनी अजून थोडा आग्रह करेपर्यंतही मी थांबले नाही. महिनाअखेर विभाग बंद झाला. त्यानंतर मी एकटीच बसने जायची, आणि पुढे नोकरी बदलली तेव्हा तो रस्ताही सुटला. ते माझ्यापासून चार गल्ल्यांवर राहत होते. मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत गेले नाही.

दहा-बारा वर्षांनी दुकानात तसलीच हेलिकॉप्टरं दिसली. शेपटीच्या पंख्याशिवायची, दोन पंख्यांची, तळहाताएवढी, बॅटरीवरची खेळणी. खोक्यावर पहिलीच सूचना होती: बंद खोलीतच उडवावे, वाऱ्यात उडवू नये. मी तिथल्या तिथे एक विकत घेतलं आणि तशीच अण्णांच्या घरी गेले.

दार त्यांच्या बायकोने, अक्कांनी, उघडलं. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. अक्कांनी मला बसवलं, कॉफी दिली, खोकं हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली. "असलंच केलं होतं की त्यांनी. आणि पाडलं." मग हसल्या. "घरात कधी म्हणून चुकलं म्हणाले नाहीत हो. भाजीत दोनदा मीठ घातलं तरी मिठालाच नावं ठेवायचे. त्या एकाच गोष्टीला म्हणाले, माझं चुकलं म्हणून."

मग मी सगळं सांगितलं. कागद, पत्रक, मैदान, अहवाल. सांगून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?"

"हो. त्यांनीच तसं लिही म्हटलं."

"आणि तुम्ही लिहिलं."

"लिहिलं."

खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं.

"मी चिडले की त्यांना तेच ऐकवायची हो," त्या म्हणाल्या. "जन्मात एक यंत्र केलंत, तेही पाडलंत. किती वेळा ऐकवलं असेल. ते नुसतं 'साकु' म्हणायचे."