तळहाताएवढा बांगडा

माझे सासरे, तात्या, जेवायला बसले की आधी ताटातल्या बांगड्याशेजारी तळहात ठेवत. मासा हातापेक्षा लहान निघाला की तो बाजूला सारायचे. "ह्याचं लगीन व्हायचं होतं गो," म्हणायचे आणि नुसता आमटीभात जेवायचे. रांधणारी मी, मला राग यायचा. मासा आणलेला असायचा त्यांच्याच मुलाने, आमच्याच ट्रॉलरने.

सरकार मच्छीमारांना डिझेलवर परतावा देतं. तरुणपणी त्यासाठी निघालेल्या मोर्च्यात तात्या सगळ्यांत पुढे होते. त्यामुळे परतावा चालू ठेवावा की नाही, हे विचारायला मत्स्यखात्याचे साहेब आमच्या मच्छीमार सोसायटीत आले, तेव्हा लोकांनी बोलायला तात्यांनाच उभं केलं.

तात्या म्हणाले, "बंद करा."

माझा नवरा सुरेश ताडकन उठला. "बंद केला तर बोट धक्क्याला लागंल, तात्या. आम्ही खायचं काय? लोकांनी खायचं काय?"

"पयल्या काळात मासा नसला की बोट धक्क्यालाच रवायची," तात्या शांतपणे म्हणाले. "तेवढीच दर्याला उसंत. आता डिझेल सवस्त, म्हणून मासा नसला तरी आपण जातो, माशाची पोरंटोरं खरवडून आणतो. परतावा आपल्याला हाय. दर्याला कोण देतो?"

खरं दोघांचंही होतं. पण चूल माझी होती, मी सुरेशच्या बाजूने होते.

त्यानंतर धक्क्यावर तात्यांशेजारी कोणी बसेना. घरात बाप-लेक माझ्यामार्फत बोलत. "त्यांना सांग, जेवण झालंय." "त्याला सांग, वारा फिरलाय." मी सांगत असे. परतावा चालूच राहिला.

तात्या झोपेतच गेले. आमच्यात जाणतं माणूस गेलं की बंदर बंद ठेवतात. त्या दिवशी एकही ट्रॉलर सुटला नाही. तात्यांना सांगून जे जमलं नाही, ते मरून जमलं, तेही एका दिवसापुरतं. सगळे रडत होते, सुरेशही. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

सुतक फिटलं तसा सुरेश टाकी भरून दर्यात गेला. संध्याकाळी बांगडे घेऊन आला. मी एकाशेजारी हात ठेवून पाहिला. मासा लहान निघाला.

मग तळले. आम्ही जेवलो.