भट्टी अडली ती दादाच्या दारासमोर

पाववाले काकांचा देवावर इतका विश्वास, की शेजाऱ्यांना कधीकधी त्याचा वैताग यायचा. बस चुकली तर म्हणायचे, "बरंच झालं, त्याच्या मनात पुढची असेल." छत्री हरवली तर, "कुणाला तरी जास्त गरज असेल." बायको म्हणायची, "देवाला तुमच्या छत्रीशिवाय दुसरे उद्योग नाहीत का?" त्यावर ते नुसते हसायचे. सव्वीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या बेकरीत राबला आणि पन्नाशीत, स्वतःची बेकरी काढायची म्हणून, नोकरी सोडून मोकळा झाला, तोही याच भरवशावर.

गाळा मिळाला तो मात्र थोरल्या भावाच्या गल्लीत. दोघांत चार वर्षं अबोला होता. पुतणीच्या लग्नात दादा चारचौघांत बोलून गेला होता, "याच्यानं स्वतःचं काही व्हायचं नाही. हा जन्मभर दुसऱ्याचंच पीठ मळणार." काका तसेच न जेवता निघून आले, ते दादाच्या फाटकाकडे पुन्हा फिरकले नाहीत. गाळा समोरच असूनही ते मागच्या रस्त्यानं वळसा घालून जात.

ज्या दिवशी भट्टी आली, त्या दिवशी अर्धी गल्ली बघायला जमली. चार हमालांनी ती ट्रकमधून उतरवून गाळ्याच्या दारापर्यंत नेली आणि तिथंच थांबले. भट्टी दारापेक्षा चार बोटं रुंद होती. काकांनी आयुष्यात पीठ मुठीनं मोजलं, पाणी अंदाजानं ओतलं आणि पाव कधी बिघडू दिला नाही. त्याच हिशेबात त्यांनी दाराचं माप वितीनं घेतलं होतं. टेप आणायचं काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

गाळ्याच्या मालकानं हात वर केले. "भिंतीला धक्का लावायचा नाही, आधीच सांगून ठेवलंय." मागं स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते. ट्रकवाला म्हणाला, "काका, लवकर ठरवा. मला पुढं जायचंय."

बायकोनं हळूच विचारलं, "आता काय म्हणतो तुमचा देव?"

"काहीतरी म्हणत असेलच की," काका म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

एका हमालानं समोर बोट दाखवलं. "ते मोठं शटर कुणाचं? तिथं हत्तीसुद्धा जाईल."

सगळी गल्ली काकांकडे बघायला लागली. ते दादाचं गॅरेज होतं. त्याचे गुडघे गेल्यापासून बंदच पडलेलं.

काकांनी मनातल्या मनात घासाघीस करून पाहिली. देवा, दुसरं कुठलंही दार दाखव, हे सोडून. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. तेवढं रुंद दुसरं दार नव्हतं. त्यांना भीती वाटली, अगदी खरी भीती. दादा नाही म्हणेल याची नव्हे, तो हसेल याची. त्याचं म्हणणं अख्ख्या गल्लीसमोर खरं ठरत होतं ना! मग त्यांना स्वतःचाच राग आला. जन्मभर "तो नेईल तिकडे" म्हणायचं आणि एवढं एक फाटक तेवढं वगळायचं, हा कुठला विश्वास? ते सरळ रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी कडी वाजवली.

दादानं काठी टेकत दार उघडलं.

"काय रे?"

"भट्टी दारातून जात नाही, दादा."

"माप कुणी घेतलं?"

"मीच."

"कशानं?"

काकांनी हाताची वीत पसरून दाखवली.

दादा हसला. काकांना वाटलं होतं तसाच, पोट धरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. पण हसू थांबलं तरी त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "त्या दिवशी माझी जीभ घसरली रे, धाकट्या," तो म्हणाला. "तेव्हापासून रोज देवाला सांगतोय, त्याला एकदा माझ्या दारात आण. इतकं जड उत्तर येईल असं काही वाटलं नव्हतं."

काकांनी दादाचा काठीवरचा हात घट्ट धरला.

मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"थांब रे जरा!" दादा ओरडला. "चार वर्षांनी बोलतोय आम्ही!"